सेन्योर टोवारचा फोन

१

घरट्यात अंडी नव्हती.

भुपेंद्र बिसेनच्या बांधीत, कमरेएवढ्या वाढलेल्या धानाच्या मधोमध, गवताचा तो ढीग तसाच होता. पाण्यापासून वीतभर उंच, वर बसका खळगा. काल सकाळी त्या खळग्यात सारसाची दोन अंडी होती. मी स्वतः दुर्बिणीतून पाहिली होती. आज खळगा रिकामा, आणि काठचं मऊ गवत ओंजळभर कमी. कवचाचा तुकडा नाही, बलकाचा डाग नाही. कोल्ह्याकुत्र्यानं खाल्ली असती तर काहीतरी मागे राहिलं असतं.

जोडी पलीकडच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी होती. ओरडत नव्हती. सारस गप्प उभा राहिला की बघवत नाही.

"मी नाही विकलो जी," पतिराम म्हणाला.

विकण्याचं नाव तोपर्यंत कोणी काढलंच नव्हतं. रेंजर साहेबांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं, आणि मला तिथेच कळलं की हे वाक्य आता त्याचा पिच्छा सोडणार नाही.

पतिराम सयाम आमच्या सारस बचाव गटाचा राखणदार. आम्ही पावसाळ्यात सारसाची घरटी शोधतो आणि प्रत्येक घरट्यावर गावातलाच एक माणूस बसवतो. जिल्ह्यात सारस इतके थोडे उरलेत, की एका घरट्याला एक माणूस परवडतो. हे घरटं मुर्रीच्या पुढे, नदीच्या अंगाला. पतिराम दिवसभर धुऱ्यावरच्या मचाणीत बसायचा. काल दुपारी मात्र तो तिथे नव्हता.

"काऊन गेला होतास?" साहेबांनी विचारलं.

"फोन आला होता. हिंदीत बोलून राहिला होता कोणी. म्हणे, तुझ्या पोराचा कोहमाऱ्याच्या धाब्याजवळ ॲक्सिडेंट झाला, जलदी ये. गेलो. पोरगा तर भट्टीपाशी रोट्या शेकून राहिला होता."

"आवाज कोणाचा?"

"पाऊस, बेडकं, आवाज कुठं ओळखू येते. दोनच वाक्यं बोलला आन् ठेवला."

नंबर त्याच्या फोनमध्ये होता. लावून पाहिला, तर बंद. गावातली माणसं जमायला लागली होती. वनरक्षक अंजूताई धुऱ्याच्या टोकाला उभी राहून त्यांना अडवत होती. "साहेबांचं बघून होऊ दे, तोवर कोणी खाली उतरू नका. पावलांचे ठसे जातील." अंजूताई सांगलीकडची, इथे बदली होऊन तिला दोन पावसाळे झाले असतील.

साहेबांनी तो नंबर आपल्या फोनमधल्या नाव सांगणाऱ्या ॲपवर टाकला. चाक फिरलं, नाव आलं. त्यांनी स्क्रीन माझ्यासमोर धरली.

इंग्रजीत दोन शब्द होते. आधी एस-आर. मग टी-ओ-व्ही-ए-आर.

"दुर्गेश्वरी मॅडम," साहेब हळूच म्हणाले, "त्या परदेशी बाईंचं आडनाव काय होतं?"

२

त्या बाईंचं आडनाव टोवार होतं. इनेस टोवार. स्पेनमधून सारसांच्या अभ्यासाला आल्या होत्या, उन्हाळाभर राहिल्या, रोवणी सुरू व्हायच्या आत परत गेल्या. पतिरामच्या घरी जेवायच्या.

साहेबांनी जीपमध्ये बसल्या बसल्या शोध लावला, की स्पॅनिशमध्ये एस-आर म्हणजे सेन्योर, आपल्याकडचं श्रीयुत. "सेन्योर टोवार. नवरा नाहीतर भाऊ. बाई बघून गेली, माणूस येऊन घेऊन गेला. आतला माणूस हा." त्यांनी मागे बसलेल्या पतिरामकडे अंगठा केला. "आंतरराष्ट्रीय टोळी आहे, मॅडम."

"पण साहेब, हिंदीत फोन कोण..."

"टोळीत हिंदीवाले असतात."

सारस कायद्यानं वाघाच्या पंक्तीत बसतो. अंडी चोरणं म्हणजे तुरुंग. सिमकार्ड कोणाच्या नावावर आहे हे विचारणारं पत्र कंपनीला गेलं होतं. उत्तर कधी येईल?

"आठवडा लागेल."

"आणि पतिराम?"

"त्याला उद्या कोर्टात उभा करतो."

म्हणजे उत्तर येईल तेव्हा माणूस आत असेल. मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलं. पुराव्याच्या आधी निष्कर्ष काढला की आमचे सर जर्नल परत फेकायचे. इथे निष्कर्ष जीपमध्ये बसून पुढे चालला होता आणि मी चिखलात उभी होते.

मी फोनवर ते आडनाव शोधलं. एक पान सापडलं, त्यावर त्या नावाचं जे जे जगात आहे ते सगळं एकाखाली एक. व्हेनेझुएलातलं एक गाव. त्याच देशात डोंगरावर जर्मनांनी वसवलेलं दुसरं गाव. अमेरिकेत एका खोल दरीच्या काठावरचं हॉटेल. एक बेसबॉल खेळाडू. एक चित्रकार, ज्याच्या नावात टोवार दोनदा येतं. मुर्री नाही, गोंदिया नाही. मी चिडून फोन खिशात टाकला. पण त्या पानाचं एक मला पटलं. अक्षरं तीच असली तरी वस्तू तीच असते असं नाही, हे ते पान गृहीत धरूनच बनवलेलं होतं. साहेब पहिल्याच ओळीवर थांबले होते.

शिवाय ते ॲप. त्यात दिसतं ते नाव फोनच्या मालकाचं नसतं. दुसऱ्या कोणीतरी तो नंबर स्वतःच्या फोनमध्ये ज्या नावानं ठेवलेला असतो, ते नाव ॲप उचलतं. इनेसला आम्ही सगळे 'इनेस मॅडम' म्हणून ठेवत होतो. तिचं आडनाव साहेबांनाही माहीत नव्हतं, ते त्यांनी मला विचारलं. मग तिच्या न आलेल्या नवऱ्याला गोंदियात 'श्रीयुत टोवार' म्हणून कोण ठेवेल?

नंबर एकाचा होता, नाव दुसऱ्यानं दिलेलं होतं. मला दोन माणसं शोधायची होती आणि हातात हा एकच दिवस होता.

३

गावानं स्वतःचा निकाल लावून टाकला होता.

"टावर," पानठेल्यावरचा एकजण म्हणाला. "टी-ओ आहे ना? टावरच होय. सिनियर टावर. भुपेंद्रकडे कंपनीचा बडा साहब येते, तोच."

बांधीच्या कोपऱ्यात मोबाइलचा टॉवर आहे, तो भुपेंद्रच्या जागेत. सारस बसल्यापासून भुपेंद्र आमच्यावर उखडलेला. मी गेले तेव्हा तो टॉवरखालच्या जनरेटरमध्ये डिझेल ओतत होता.

"आलीस? मले मालूम होतं येशील. चोर भुपेंद्रच."

"मी तसं म्हटलं नाही, काका."

"सोचून तर राहिली ना. सुन बेटा. पाखरू बसलं म्हणून तुमच्या गटाच्या चंद्रकुमार सरांनी मले बांधीत निंदायला उतरू नाही दिलं. गवत माजलं. मी म्हणलो, मेरा खेत, मेरेको ही मना? भांडलो. समद्या गावासमोर भांडलो. चोराले असं भांडता येते का?"

"तो कंपनीचा सिनियर कोण?"

त्यानं डिझेलचे हात पँटला पुसले, फोन काढला आणि नाव दाखवलं. टी-ए-व्ही-ए-आर. टावर साहब.

"आमी बोलतो तसं लिहितो. तुमच्यासारखं स्पेलिंग नाही येत. आन् नंबर पाहा, दुसरा आहे."

नंबर दुसराच होता. मी तरीही विचारलं, काल दुपारी कुठे होता.

"इथंच. इंजिनिअर येणार होता. तो येते तवरीक मले जनरेटर राखा लागते. दोन घंटे छपरीत बसलो, पावसात बांधीतलं काही दिसत नोतं, आन् तो आला नाही हरामी." मग तो थोडा नरमला. "पतिराम्याच्या पोराचं काय झालं? रायपूरले आहे ना तो?"

"कोहमाऱ्याला. धाब्यावर."

"कधीपासून? मले कोणी बोललंच नाही."

भुपेंद्र शेजारी राहतो. त्यालाच माहीत नव्हतं, तर फोन करणाऱ्याला कसं माहीत? मी सरळ पतिरामच्या घरी गेले. त्याची बायको मंगलीबाई चुलीसमोर बसली होती, पण चूल पेटलेली नव्हती.

"पोळ्यानंतर गेला तो कोहमाऱ्याले," ती म्हणाली. "आमी सांगितलं नाही कोणाले. रायपूरच्या कंपनीतून काढलं, ते काय सांगत फिराचं?"

"कोणालाच नाही?"

"तुमच्यातच फक्त. त्या दिवशी मिटिंग नोती का सरांच्या घरी? तिथं बोलले हे." तिनं माझ्याकडे पाहिलं. "तू तर होती ना तिथं."

मी होते. अंजूताई होती. चंद्रकुमार सर होते. आणि पतिराम. आणखी कोणी नव्हतं.

४

चंद्रकुमार सरांनी मला प्राणिशास्त्र शिकवलं. गट त्यांनीच उभा केला. निवृत्त झाल्यापासून मुर्रीच्या घरात एकटेच राहतात.

गल्लीतली वीज गेली होती. लोक दारात बसून वर्तमानपत्रानं वारा घेत होते. सरही ओसरीवर बसले होते, बनियन घामानं चिकटलेली. समोर त्यांचा फोन, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. गेल्या महिन्यात तो बांधीत पडून बुडाला होता, काही दिवस दुरुस्तीला होता. तेव्हापासून पिशवी.

"पतिराम सुटेल," ते म्हणाले. "पुरावा लागतो कोर्टात. नाहीये त्यांच्याकडे."

"सुटेपर्यंत आत राहील, सर. त्याची बायको चूल पेटवत नाहीये."

"मी वकिलाशी बोललोय."

"आज?"

"बोलणार आहे."

मला राग आला. सर असे नव्हते. साधा पाणबगळा मेला तरी ते जिल्हा कार्यालयापर्यंत जायचे. मी त्यांना सगळं सांगितलं: टॉवर, भुपेंद्र, कोहमारा. कोहमाऱ्याचं नाव घेताना त्यांच्याकडे पाहिलं. ते पिशवीची गाठ सोडून पुन्हा बांधत होते.

"दुर्गा, गेल्या वर्षी किती पिल्लं उडाली?"

"एक."

"त्याच्या आदल्या वर्षी?"

माझ्या उत्तरासाठी ते थांबले नाहीत.

"उबवणी केंद्र द्या म्हणून लिहितोय मी. फाइल नागपूरला आहे म्हणतात. नागपूरला विचारलं की मुंबईला. अंडी धानात कुजतात, कुत्री नेतात, औषध फवारतात. आपण काय करतो? राखणदार बसवतो."

"पाणी द्याल, सर?"

ते उठले, आत गेले, दार ओढून घेतलं. पाणी आणलं तेही दार पुरतं न उघडता. मी पाणी पिताना ऐकत होते. मागच्या खोलीत इन्व्हर्टरची घुरघुर चालू होती. म्हणजे घरात वीज होती. आणि सर पंखा न लावता घामाघूम बसले होते.

ती वीज कशासाठी राखून ठेवली होती?

उत्तर डोक्यात आलं आणि मला ते नको झालं. शिवाय नुसत्या घुरघुरीवर साहेब कोणाच्या घरात शिरणार नव्हते. मला नंबर सरांचा आहे हे दाखवायला हवं होतं. सरांचा नंबर मला पाठ होता. हा तो नव्हता.

५

वनविभागाच्या ओसरीवर अंजूताई होती. साहेब नव्हते. पतिराम आतल्या खोलीत बाकावर बसलेला दिसत होता, हात मांडीवर.

"मला साहेबांना भेटायचंय."

"जेवायला गेलेत. येतीलच इतक्यात. तोवर चहा घे, चेहरा बघ कसा झालाय तुझा."

मी बसले. ती कपात चहा ओतत होती. तिनं काय म्हटलं ते मला ओतून झाल्यावर कळलं.

मी तोपर्यंत म्हणते. भुपेंद्र तवरीक म्हणतो. गोंदियाच्या बाजारात तब तक म्हणतात. अंजूताईचा 'तोवर' आमच्याकडे कोणाच्या तोंडात नाही. पुस्तकात वाचतो तेवढाच. आणि माणसं बोलतात तसं लिहितात, हे भुपेंद्रनं मला दुपारीच दाखवलं होतं. तो 'तवरीक' फोनमध्ये लिहील तर टी-ए-व्ही नं सुरुवात करेल.

टी-ओ-व्ही-ए-आर. सकाळपासून मी त्याला आडनाव समजत होते. गाव समजत होते, हॉटेल समजत होते.

"ताई, ॲपवर काय नाव आलं ते तू पाहिलंस?"

"नाही गं. मी गर्दी अडवत होते. साहेब सांगत होते की, सिन्यॉर टोवार का कोण."

"नंबर पाहिलास?"

"तो कागदावर आहे साहेबांच्या."

"मी सांगते. तू तुझ्या फोनवर दाब."

मी एकेक आकडा सांगितला. शेवटचा दाबल्यावर तिच्या स्क्रीनवर आपोआप नाव उमटलं. तिनं ते वाचलं, आणि हातातला कप खाली ठेवला.

"सर, तोवर," ती म्हणाली.

"कुठले सर?"

"आपले. चंद्रकुमार सर." तिचा आवाज बारीक झाला. "फोन पाण्यात पडला होता ना त्यांचा. दुरुस्त होऊन येईतोवर या नंबरवर कर म्हणाले. जुनं सिम होतं त्यांच्याकडे कसलं तरी. मी घाईत तसंच टाकून ठेवलं. नंतर विसरूनच गेले." ती माझ्याकडे बघत राहिली. "माझ्या फोनमधनं उचललं होय ते नाव त्या ॲपनं?"

आतून पतिराम खोकला.

६

सरांनी नाकारलं नाही. साहेब दारात दिसताच ते बाजूला झाले.

मागच्या खोलीत उबवणी यंत्र होतं, घरीच बनवलेलं: थर्माकोलची पेटी, बल्ब, पाण्याची वाटी, तापमापक. आत घरट्यातलं ते ओंजळभर गवत, आणि त्यावर दोन अंडी.

"जिवंत आहेत," सर म्हणाले. "प्रकाशात धरून पाहिलंय. पिल्लं मोठी करून मी बांधीतच सोडणार होतो."

"आणि पतिराम?" मी विचारलं.

"पिल्लं निघाली की मी सांगणारच होतो. एकदा पिल्लं दाखवली की कोणी काही बोललं नसतं."

"तो आत बसला असता, सर."

"दोन पिल्लं, दुर्गा."

इतकंच. मी वाट पाहत राहिले की ते आणखी काहीतरी म्हणतील. त्यांनी तापमापक वाचला.

ठिकाण दाखवायला सरांना घेऊन साहेब बांधीवर आले. ऊन कलत होतं. पतिरामला सोडायचा कागद अजून व्हायचा होता, म्हणून तोही जीपमध्ये मागे होता. पेटी माझ्या मांडीवर, बाजूला गरम पाण्याची बाटली. जोडी त्याच धुऱ्यावर उभी होती.

साहेबांनी पेटी माझ्याकडून घेतली आणि बॉनेटवर ठेवली. "मुद्देमाल जप्त. कार्यालयात ठेवू. कोर्ट सांगेल तसं."

"कोर्ट सांगेपर्यंत आत काही उरणार नाही, साहेब. जोडी अजून हटलेली नाही. आत्ता घरट्यात ठेवली तर मादी कदाचित बसेल."

"कदाचितवर सही कोणाची, मॅडम?"

"माझी."

"तुमची चालत नाही."

"माझ्या यंत्रात निघाली असती," सर म्हणाले. त्यांच्याकडे कोणी पाहिलं नाही.

साहेबांनी वर फोन लावला. वाजत राहिला. दुसऱ्या साहेबांना लावला. ते मीटिंगमध्ये होते. मी पुन्हा म्हटलं, मग आणखी एकदा म्हटलं, मग माझा आवाज चढला आणि साहेबांचाही. चोर सापडला होता, उत्तर बरोबर होतं, आणि बाटलीतलं पाणी कोमट होत चाललं होतं.

जीपचं मागचं फळकं वाजलं. पतिराम खाली उतरला होता. तो आला, पेटीचं झाकण काढलं, डोक्याचा दुपट्टा सोडून दोन्ही अंडी त्यात घेतली आणि धुऱ्यावरून पाण्यात उतरला.

"ए पतिराम. मुद्देमाल आहे तो."

तो चालत राहिला. धान बाजूला होत होतं आणि त्याच्या मागे पुन्हा मिटत होतं.

"चोरीचा गुन्हा लागेल. ऐकतोस का?"

"लिवा साहेब," तो पाठमोराच म्हणाला. "आता खरंच चोरलो."

साहेबांनी अंजूताईकडे पाहिलं. पंचनाम्याचा कागद तिच्या हातात होता. ती जोडीकडे बघत होती.

पतिराम घरट्यापाशी वाकला. बराच वेळ वाकलेला होता. मग आला त्याच वाटेनं परत आला, चिखलाचे पाय धुऱ्याच्या गवताला पुसले आणि स्वतःहून जीपमध्ये मागे जाऊन बसला. पलीकडे मादी दोन पावलं पुढे आली आणि थांबली.

साहेब चाकामागे बसले. किल्लीला हात घातला.

"गाडी चालू नका करू जी," पतिराम मागून म्हणाला. "आवाजानं ते पाखरू बसणार नाही."

साहेबांनी किल्लीवरचा हात काढला.